काचवाल्याचा हात

माझ्या थोरल्या भावाने तीस वर्षं खिडक्यांना काचा बसवल्या. त्याने मला हाताखाली घेतलं त्या पहिल्याच दिवशी मी निसटती काच झेलायला गेलो, आणि दादाने माझ्या कानाखाली आवाज काढला. "सुटली की सोडायची! हात मागे, पाय मागे. काच दुसरी मिळते." आमच्या धंद्याचं निम्मं शिक्षण एवढंच.

मग दादा शिडीवरून मानेवर पडला. पाय गेले, हात गेले. खांदे आणि कोपरं तेवढी राहिली आणि जीभ, ती तर दुप्पट चालायला लागली. वहिनी दहाला कामावर जाते, मी दुकानात असतो. संध्याकाळपर्यंत दादा तहानलेला. शेजारणीला हाक मारायची लाज वाटते, आणि ग्लासात नळी घालून ठेवली तर म्हणतो, "मी काय वासरू आहे?" असा हट्टी.

हॉस्पिटलात एका यंत्राची चाचणी चालली होती, तिथे त्याला घेतलं. ऑपरेशन करून उजव्या हातात तारा बसवल्या. त्यांतून वीज सोडली की बोटं मिटतात. डावा खांदा पुढे केला की मूठ मिटायची, मागे घेतला की उघडायची. इथवर मला समजलं. पुढचं अजूनही डोक्यावरून जातं. बोटाच्या कातडीतून येणाऱ्या नसेभोवती त्यांनी एक बारीक कडं घातलं होतं. यंत्र सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "वस्तू घसरली की बोटाला कळतं. ते मेंदूपर्यंत पोचत नाही, पण आम्ही वाटेतच ऐकतो आणि पकड घट्ट करतो."

"म्हणजे बोटाला कळतं आणि मला कळत नाही?" दादाने विचारलं.

"हो."

"मग बोट कुणाचं?"

बाई हसल्या. मला काही हसू आलं नाही.

शेवटच्या दिवशी परीक्षा होती. प्लास्टिकचा ग्लास, अर्धा पाण्याने भरलेला. पाचपैकी तीनदा उचलून पाणी प्यायला तर यंत्र घरी न्यायचं, नाहीतर ते पुढच्या पेशंटला. पहिल्यांदा ग्लास वर आला, जरा घसरला आणि मूठच उघडली. पाणी मांडीवर. दुसऱ्यांदा तेच. बाई तारा तपासून चक्रावल्या. "पकड घट्ट होतेय, मग मूठ उघडते कशी?"

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मी भिंतीला टेकलोय. ग्लास घसरताच दोन पावलं मागे उडी मारली होती मी, आणि दादाचा डावा खांदाही मागे होता.

"बाई, तुमचं यंत्र ठीक आहे," मी म्हणालो. "आम्ही दोघं बिघडलोय."

"मी खांदा हलवलाच नाही!" दादा खेकसला.

"हलवलास. तूच शिकवलंयस."

"अरे, प्लास्टिकचा आहे तो!"

"हे मला काय सांगतोस? तुझ्या खांद्याला सांग."

बाई आळीपाळीने आमची तोंडं बघत राहिल्या. शेवटी मी मागून दादाचे डोळे झाकले. घसरताना दिसलंच नाही तर सोडणार कसा? तिसऱ्यांदा जमलं. चौथ्यांदाही.

पाचव्यांदा ग्लास अधांतरी आला आणि घसरला. माझे पाय मागे जायला बघत होते, पण डोळ्यांवरचे हात कसे काढू? दादाची बोटं आपोआप आवळली. ग्लास थांबला. दादाही थांबला.

"पडला ना?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस. मला काहीच लागत नाहीये हाताला."

"हातात आहे, दादा."

"धरलाय कुणी?"

"तूच."

"मी कुठे काय केलं?" त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. मला रडू आलं. बाईंसमोर आलं याची लाजही वाटली. कोपर हळूहळू वर गेलं, कडा ओठांना लागली. पाणी गळ्यावर ओघळत होतं, पण तो थेंबन् थेंब प्यायला.

मग डोळे झाकलेलेच असताना त्याने विचारलं, "अजून हातात आहे?"

"आहे."

"मग भर की."