जिवंत माणसाची श्रद्धांजली

गंगाधर मोबाईल हातात धरून दुकानात शिरला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. म्हणाला, "मामा, एक मेसेज काढून द्या. दत्ता टेलर गेले म्हणून टाकला. ते तर जिते हायेत."

जवळा बाजार गावात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. आधी रेडिओ, मग टीव्ही, आता मोबाईल. शाळा चौथीपर्यंत. स्वतःजवळ बटनाचा फोन ठेवतो. लोकांचे मोठे फोन उघडून त्यात काय काय कचरा भरलेला असतो ते रोज बघतो, म्हणून.

गंगाधर गावाच्या ग्रुपचा ॲडमिन. ॲडमिन म्हणजे ग्रुपचा पाटील, कोणाला ठेवायचं अन् कोणाला हाकलायचं ते त्याच्या हातात. कोणी मेलं की पहिली बातमी आपलीच पाहिजे, हा त्याचा छंद. त्यासाठी श्रद्धांजलीचं कार्ड तयारच ठेवतो. फोटो अन् नाव बदललं की झालं. दत्ता नांदेडला दवाखान्यात भरती आहे, तब्येत नाजूक आहे, असं कानावर आलं तेव्हाच यानं कार्ड करून ठेवलं. सकाळी सोयाबीनच्या भावाचा फोटो टाकायला गेला अन् बोट कार्डावर पडलं.

पुढं अजून शहाणपण केलं. मेसेज पुसायला दोन बटनं येतात. एक सगळ्यांच्या फोनमधून पुसतं, दुसरं फक्त आपल्या. यानं घाबरून दुसरं दाबलं. आता त्याला स्वतःला कार्ड दिसत नव्हतं, गावाला दिसत होतं.

एका गिऱ्हाईकाच्या फोनवर मी ते कार्ड बघितलं. दत्ताचा फोटो, भोवती झेंडूची फुलं, खाली ओळ: 'मायेची सावली हरपली'. ही ओळ बाईमाणसाची. ती फुलं अन् ती ओळ मी ओळखली. गेल्या चैत्रात माझी बायको शांता गेली तेव्हाचं कार्ड हेच होतं. यानं तिचा फोटो काढून दत्ताचा डकवला होता.

मी एवढंच विचारलं, "दत्ताच्या घरी फोन केला का कुनी?"

"न्हाई. पर एकशे बारा जनायनं हात जोडले."

मीच फोन लावला. दत्तानं उचलला. कालच डिस्चार्ज घेऊन आला होता. त्याला कार्डाचं कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं तसा तो आधी हसला, मग त्याला थोरली बहीण आठवली. म्हणाला, "रामा, कुरुंद्याची आक्का. तिला झटका येऊन गेलाय. सून तिला दुपारच्याला ग्रुप वाचून दाखवते."

सुनेला फोन लावला. उचलेना. हळद शिजवायचे दिवस, ती कढईपाशी असणार.

इलाज एकच होता. दुसरा ॲडमिन केला तर त्याला कोणाचाही मेसेज सगळ्यांच्या फोनमधून पुसता येतो. पण पंचायतीच्या इलेक्शनला गंगाधरनं बाकीचे ॲडमिन काढून टाकले होते.

"कर कुनालाबी," मी म्हणलं.

"न्हाई मामा. कुनावर भरोसा न्हाई. उद्या मलाच काढतील."

"मग दत्ताला कर. मेलेलं मानूस तुझ्या इरोधात उभं राहत नसतं."

गंगाधरनं दात-ओठ खात त्याला ॲडमिन केलं. आम्ही दोघं दत्ताच्या घरी गेलो. तो खाटेवर पडून श्रद्धांजल्या वाचत होता. कुठं दाबायचं ते मी दाखवलं. त्यानं कार्ड पुसलं, मग आपलं नाव लिहिलेले सात-आठ मेसेज शोधून पुसले. नुसते हात तेवढे राहू दिले. प्रत्येकाच्या फोनवर ओळ उमटली: ॲडमिन दत्ता टेलर यांनी हा मेसेज डिलीट केला.

"एकशे बारा जनं रडले," दत्ता गंगाधरला म्हणाला, "अन् दार वाजवलं न्हाई एकानंबी. तुला तर माझ्या घराहून रोजचा रस्ता हाय."

"मला ॲडमिनमधून कवा कमी करतो?" दत्तानं विचारलं.

"करतो की."

"नको करू. बसू दे मला बी."

दिवस कलला तेव्हा सुनेचा फोन आला. हात आता मोकळे झाले, मोबाईल आत्ता बघितला म्हणे. आक्कानं विचारलंय, दत्ता कसाय? दत्तानं फोन घेऊन आक्काला तब्येत सांगितली, अन् जेवलीस का विचारलं. बाकी काही नाही.

शांताच्या कार्डाखालीही शंभरावर हात होते म्हणे. मी मोजले नाहीत. माझ्या ओट्यावर येऊन बसलेले मात्र मला नावानिशी आठवतात. पहिला दत्ताच होता. तीन दिवस काही न बोलता बसला.

रेडिओच्या काळात उस्तादानं शिकवलं होतं, सेट उघडायच्या आधी प्लग बघायचा. माणूस मेल्याचं कळलं तर आधी त्याच्या घरी जावं. मेला असंल तर खांदा द्यायला माणूस लागतंच. जिता असंल तर चहा तरी मिळतो. आम्हाला मिळाला. गंगाधरनंही पिला.