मुन्सिफसाहेबांची दाढ आणि बाकीचे फैसले

वकिलाच्या कोटाला मुकदम्यांपेक्षा किस्सेच जास्त चिकटतात. झटकले तरी पडत नाहीत! माझे बहुतेक निजामी अमलातल्या एकाच मुन्सिफसाहेबांचे. नांदेडहून मी त्यांच्या तालुक्याच्या अदालतीत वकिलीला जायचो. माणूस सज्जन, कुणाच्या पानसुपारीलाही हात लावणार नाही. पण मनात जे चाललेलं असेल, ते थेट शिक्षेत उतरायचं! आम्ही आधी साहेबांचा चेहरा वाचायचो, मग कायदा.

*

एकदा साहेबांची दाढ ठणकत होती. गाल हा एवढा सुजलेला. चाकूरकडच्या माझ्या अशिलानं कोंडवाडा फोडून आपली म्हैस सोडवली होती. मी उभा राहिलो, तोच साहेब कण्हले, "मुख्तसर!" म्हणजे थोडक्यात आटपा. मी आटपलं. साहेबांनीही आटपलं. सहा महिने कैद!

दुसऱ्या दिवशी दाढ उपटली गेली. तसाच गुन्हा, तोच कोंडवाडा, फक्त माणूस दुसरा. नुसता जुर्माना!

माझ्या अशिलाची बायको दाराशीच उभी होती.

"वकीलसाब, ती दाढ काल उपटली आसती तर?"

*

शिरूर अनंतपाळच्या एकानं घरी राहायला आलेल्या मेव्हण्याला बदडलं होतं. पेशकार, म्हणजे साहेबांचा कारकून, माझ्या कानाशी लागला, "आज तारीख मागा. साहेबांचा मेव्हणा दिवाळीपासून हलेना, घरात भांडण पेटलंय."

अशिलानं ते ऐकलं. "तारीख कशाला? आजच लावा की!"

साहेबांनी एकच सवाल केला, "तुझा किती दिवस होता?"

"हुजूर, दोन पेरण्या झाल्या!"

ताकीद देऊन सोडला.

*

मुखेडचा एक गडी मारामारीत सापडला. साहेब महिन्याभराची शिक्षा सांगू लागले, तर हा हसतोय!

"हसतोस? तीन महिने!"

तरी हसतोय.

"सहा!"

 

"नऊ!"

मागून त्याचा भाऊ ओरडला, "सायेब, त्यो हासत न्हाई! बैलाच्या शिंगानं व्हट फाटलाय त्याचा. त्यो रडालाय!"

साहेबांनी त्याला जवळ बोलावून निरखलं. शिक्षा खाली आली. पण तीनावरच थांबली.

*

साहेबांची लेक लग्न होऊन हैदराबादेला गेली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक म्हातारा उभा राहिला. लेकीला मारणाऱ्या जावयाचा त्यानं हात मोडला होता. गुन्हा कबूल.

"लेक कुठंय आता?" साहेबांनी विचारलं.

"माझ्याच घरी हाय, मालक."

साहेबांनी एकदा खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "अदालत उठेपर्यंत कैद." आणि खुर्ची मागं सारून ताडकन उठले, "अदालत उठली!"

*

आणि हा लातूर रस्त्यावरच्या टांग्याचा. चाकाखाली एक पोरगं गेलं होतं. टांगेवाला दारू प्यालेला, साक्षी पक्क्या. मी त्याचा वकील, पण मलाच बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यात साहेबांचा स्वतःचा धाकटा मुलगा नुकताच तापानं गेलेला. त्यानंतर साहेब पहिल्यांदाच अदालतीत आले होते.

साहेबांनी कलम उचललं. शाईत बुडवलं. कागदावर टेकवलं. शाईचा डाग पसरत गेला, अक्षर काही उमटेना.

मेलेल्या पोराची आई समोर भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, पदर सावरत टेबलापर्यंत आली. शिपायानं अडवलं नाही.

"मालक," ती म्हणाली, "आज नगा लिहू. आज घरी जावा. मी उद्या येते."

साहेबांनी कलम खाली ठेवलं आणि तिच्यासाठी उठून उभे राहिले.