भरलेली बाटली

पाच वर्षांची शॉर्ट सर्व्हिस संपवून मी मिलिटरी नर्सिंगमधून कॅप्टन म्हणून बाहेर पडले आणि जालन्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डची इनचार्ज झाले. वीस खाटा. बहुतेक पेशंट एमआयडीसीतल्या रोलिंग मिलचे, नाहीतर हायवेवरच्या अपघातातले. वॉर्डात टाके फार पिकत. ते थांबवायलाच मला घेतलं होतं.

माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. चारचौघांत मराठी बोलताना मी अडखळायचे. म्हणून ऑर्डर लिहून भिंतीवर लावली. ड्रेसिंगआधी दोन मिनिटं हात धुणे. ड्रममधलं निर्जंतुक सामान चिमट्यानेच उचलणे. चिमटा जंतुनाशक लोशनच्या बाटलीत ठेवणे. बाटली कायम भरलेली असणे. इन्स्पेक्शन रोज सकाळी सहाला.

दोन आठवड्यांत वॉर्ड वळणावर आला. वत्सलामावशी ही सगळ्यांत जुनी आया. हात धुताना ती नव्या सिस्टरला म्हणायची, "घास बराबर, न्हाईतर मॅडम कोर्ट मार्शल करत्यात."

नाईक रंगनाथ वडीगोद्रीचा. फौजेतून सुट्टीवर आला होता. शहागडजवळ ट्रकने मोटरसायकल उडवली. उजव्या नडगीचं हाड बाहेर आलं होतं. ऑपरेशन नीट झालं. पाय वाचेल, असं सर्जन म्हणाले. त्याचे वडील दिवसभर खाटेजवळ बसून असत.

"बिलकुल युनिटसारखं चालवून राह्यल्या मॅडमसाहेब," रंगनाथ म्हणाला.

"आराम कर, नाईक."

ड्रेसिंग रोज होत होतं. पाचव्या दिवशी पट्टी सोडली. पू हिरवट होता. संध्याकाळी ताप एकशे चार. पुवाबरोबर ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरच्या प्रत्येक वस्तूचा नमुना मी लॅबला पाठवला. दुसऱ्या दिवशी रंगनाथची शुद्ध हरपली. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता इंटरकॉम वाजला.

"लॅब. पायात सापडले तेच जंतू आणखी एका ठिकाणी आहेत."

"कुठे?"

"चिमट्याच्या बाटलीत."

"परत सांगा."

"लोशनमध्येच, मॅडम."

मी मावशीला बोलावलं. "बाटली शेवटची रिकामी कधी केली?"

"रिकामी? कधीच न्हाई. रोज पाचला वरून भरते. तुम्हीच लिव्हलंय ना, भरलेली पाह्यजे. सिस्टरनं वाचून दाखवल्तं. इतकं महाग औषध, फेकावं कसं?"

मी भिंतीवरची ऑर्डर पुन्हा वाचली. रोज सहाला मीच ती बाटली पाहिली होती. भरलेली. रोज टिक केली होती. शिळं लोशन जंतू मारत नाही, ते त्यातच वाढतात. म्हणून जुनं ओतून द्यायचं, बाटली उकळायची, मग नवं भरायचं. आर्मीत हे कुणाला सांगावं लागत नसे, म्हणून मी ते लिहिलंच नव्हतं. प्रत्येक ड्रेसिंगचं सामान त्याच चिमट्याने उचललं होतं.

रंगनाथ दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला गेला.

त्याचे वडील म्हणाले, "हात तर समदे धूत व्हते, मॅडम. मी सोता पाह्यलं."

मी त्यांना बाटलीचं सांगितलं. ऑर्डर माझी होती, हेही सांगितलं. ते खाटेची दांडी धरून उभे राहिले.

"त्याला सांगितल्तं का तुम्ही?"

"नाही. तो शुद्धीवर होता तोवर मलाही ठाऊक नव्हतं."

"बरं झालं मंग," ते म्हणाले. "लई भरवसा व्हता त्याचा तुमच्यावर."

नाईक रंगनाथ, वय एकोणतीस. वडीगोद्रीला दुपारी चार वाजता अग्नी दिला. मी गेले होते. लांब उभी राहिले.