कानातला कूलर

माझ्या फोनमध्ये तासाभराचं एक रेकॉर्डिंग आहे. त्यात फक्त एक कूलर चालतो. म्हणजे सात-आठ महिने मी तसंच समजत होते.

वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला हे खुळचटपणाचं वाटेल, म्हणून आधी सांगून टाकते. आमच्याकडे होळी झाली की कूलर खिडकीला लागतो आणि पाऊस नीट जम बसवेपर्यंत जागचा हलत नाही. मी लहानपणापासून त्या घरघरीत झोपत आले. ‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ म्हणतात. मला धोंडा चालेल, पण शेजारी कूलर पाहिजे. हिवाळ्यात तो गोणपाटात गुंडाळून ठेवला की माझी झोप गेलीच. घर इतकं गप्प होतं की भिंतीवरच्या घड्याळाचासुद्धा राग येतो.

दोन वर्षांपूर्वी मी कानात घालायचे इअरबड्स घेतले. इंटरनेटवर झोपेसाठी आठ-आठ तासांचे आवाज मिळतात, ते सगळे लावून पाहिले. पाऊस लावला तर वाळत घातलेले कपडे आठवायचे. समुद्र मी उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलाय, तो कानात आला की नुसती टक्क जागी. कुठल्यातरी परदेशी पंख्याचाही आवाज होता, पण तो फारच सभ्य होता. शेवटी ठरवलं, आपलाच कूलर रेकॉर्ड करायचा. आणि आपला म्हणजे अकोल्याचा नाही, अमरावतीचा, माहेरचा. तो लोखंडी कूलर माझ्या लग्नाआधीपासून आहे. चालताना मधूनच खोकतो आणि पुन्हा सुरळीत होतो.

गेल्या मे महिन्यात आठ दिवस माहेरी गेले होते. परत निघायच्या आदल्या दिवशी दुपारी जेवण झालं, फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि खाटेवर आडवी झाले. त्या आठवड्यात नळाला धार नव्हती, पाईप लावून कूलर भरता येत नव्हता. हौदातून बादली काढायची, खिडकीबाहेरच्या ओट्यावर चढायचं आणि छातीइतकी उचलून ओतायची. ‘उठल्यावर मी भरते,’ असं मी रोज म्हणायचे. उठायला रोज चार वाजायचे, आणि कूलर भरलेलाच असायचा.

दिवाळीनंतर ते रेकॉर्डिंग माझ्या कामी आलं. रोज रात्री कानात लावायची, दहा मिनिटांत मी गाढ. संपलं की ते आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. नवरा म्हणायचा, ‘लोकाईले झोपासाठी अंगाई लागते, आमच्या बायकोले मोटर लागते!’ मी त्याच्याकडे पाठ करायची.

जानेवारीत माझी एक दाढ काढली. शनिवार होता. दुपारी घरी येऊन पडले तेव्हा डावा गाल टम्म फुगला होता, म्हणून उजव्याच कानात बड घातला. ठणक्यामुळे झोप काही येईना. दहा मिनिटं झाली, वीस झाली. आपण हे एवढं पुढचं कधी ऐकलंच नाही, हे तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आलं. कूलर खोकला, सुरळीत झाला, पुन्हा खोकला.

मग धप्प असा आवाज आला, आणि पाठोपाठ बादली गडगडत गेल्याचा.

मला वाटलं, आमच्याच स्वयंपाकघरात काही पडलं. उठून पाहून आले. सगळं जागच्या जागी होतं. परत येऊन रेकॉर्डिंग थोडं मागे नेलं. धप्प. बादली. आणि त्यानंतर दाबून धरलेलं एक कण्हणं. ते बाबांचं होतं. बाबांना मी कधी कण्हताना ऐकलेलं नाही, तरी ओळखलं. मग आईच्या चपला घाईघाईनं वाजल्या आणि दोघांचं बोलणं सुरू झालं. खिडकीच्या अगदी पलीकडे, हलक्या आवाजात.

‘अवो, पडले का काय? बाप्पा! हात पाहू.’

‘हळू बोल.’

‘लटकून राहिला ना हात! थांबा, उठवते तिले.’

‘नको उठवू.’

‘असं काय करता? दवाखान्यात कोन नेईन? उठवते मी.’

‘नको म्हनतो ना! उद्या चालली पोरगी. झोपू दे.’

मी बड काढून हातात धरला. अंगाला दरदरून घाम सुटला होता, जानेवारीत. माझा विश्वासच बसेना. पुन्हा लावून ऐकलं, तेच शब्द. काहीतरी भ्रम असावा, दाढेच्या गोळीचा असावा, असंही मनात आलं. पण गोळीनं आईच्या चपला वाजत नाहीत.

पुढे ऐकायचं धाडस होत नव्हतं आणि बंदही करवत नव्हतं. सात-आठ मिनिटं नुसताच कूलर चालला. पाणी संपत आलं की त्याचा आवाज कोरडा होतो, तसा झाला. मग बादली ओट्यावर घासली. बाबांनी मोठा श्वास घेतला आणि कूलरमध्ये पाणी पडायला लागलं. थोड्या वेळानं आणखी एक बादली. कूलरचा आवाज पुन्हा जड आणि गार झाला. त्यानंतर फक्त फोनच्या अगदी जवळ कोणीतरी घोरत होतं, संथ, अगदी सुखानं. ती मी होते.

मी कॉटवर तशीच बसून राहिले. दिवाळीपासून रोज हे माझ्या कानात वाजत होतं. बाबा रोज पडत होते, आई रोज मला उठवते म्हणत होती, आणि मी रोज झोपत होते. एकदा त्या दुपारी झोपले ते झोपले, पण त्यानंतर किती रात्री! मला स्वतःची शिसारी आली. हे लिहितानाही येते.

मग एकेक आठवत गेलं. त्या संध्याकाळी बाबा आंबेहळद लावलेला उजवा हात मांडीवर घेऊन बसले होते. ‘आखडला वाटते,’ म्हणाले होते. मी त्यांना बाम आणून दिला होता, स्वतःला मोठी गुणाची समजून. दुसऱ्या दिवशी ते मला पोचवायला स्टँडवर आले नाहीत, ऑटो बोलावून दिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझी बॅग बसमध्ये चढवल्याशिवाय ते कधी राहिले नव्हते. आणि मी अकोल्याला पोचल्यावर आईला फोन करून फुगून बोलले होते, की आता मुलीला सोडायला यायचाही कंटाळा येतो वाटतं! आई तेव्हा ‘ऊन होतं ना माय’ एवढंच म्हणाली.

बाबा भिक्षुकी करतात. करायचे. लग्नं, मुंजी, वास्तुशांती. दिवाळीच्या आधी फोनवर म्हणाले, ‘आता बंद केलं बाई. वय झालं.’ मी म्हणाले होते, ‘बरं केलं बाबा, सुटलात एकदाचे!’ मला खरंच आनंद झाला होता. काहून बंद केलं, एवढे तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नव्हते.

रविवारी सकाळची बस धरली. नवऱ्याला म्हटलं, बाबांना बरं नाही. रेकॉर्डिंगचं त्यालाही सांगितलं नाही. काय सांगणार? मूर्तिजापूर येईपर्यंत मला बाबांचा राग येत होता. हा कसला मेला लाडीकपणा, की हात मोडला तरी मुलीची झोप मोडू नये! मी काय तान्ही आहे? दोन मुलांची आई आहे, कचेरीत वीस माणसांवर ओरडते. बडनेरा आलं तोपर्यंत राग संपला होता.

बाबा ओट्यावर पेपर वाचत होते. पान उलटलं ते डाव्या हातानं. दिवाळीत मी चार दिवस या घरात राहून गेले होते आणि मला हे दिसलं नव्हतं.

‘अशी अचानक?’ ते म्हणाले. ‘गाल काहून सुजला?’

‘दाढ काढली. ते जाऊ द्या. बाबा, हात वर करा बरं.’

‘कोनता?’

‘उजवा.’

त्यांनी आईकडे पाहिलं. आईनं दाराच्या चौकटीकडे पाहिलं. हात खांद्यापर्यंत आला आणि थरथरत थांबला. बाबा हसले. ‘वात हाये. थंडीचं असं होते.’

‘वात नाई तो. तुमी मे महिन्यात पडले. कूलर भरता भरता.’

आई डोळ्याला पदर लावून म्हणाली, ‘मी नाई सांगतलं हो! देवाशपथ.’ म्हणजे तिला शपथच घातलेली होती. मग मी ओरडलेच. इतकी ओरडले की फुगलेल्या गालात कळ उठली. ‘मले सांगतलं काहून नाई? दवाखान्यात गेले नाई, आंबेहळद लावून बसले, अन् मले म्हनता वय झालं!’

‘ओरडू नको,’ बाबा शांतपणे म्हणाले. ‘तुपाची पळी धरली की हात थरथर करते. अर्धं तूप बाहेर सांडते. डाव्या हातानं आहुती चालत नाई. मंग लोकाईले फसवाचं काहून? म्हनून बंद केलं. खोटं नाई बोललो मी, वय तं झालंच ना.’

पन्नास वर्षं ज्या हातानं लोकांची लग्नं लावली तो हात त्यांनी हे सांगताना मांडीखाली सरकवला. मी तिथंच पायरीवर बसले आणि रडले. आईनं पाणी आणून दिलं. मला कसं कळलं, हे दोघांनीही विचारलं नाही. आईला वाटलं शेजारणीनं सांगितलं असेल, आणि मी तसं वाटू दिलं. मी त्या दुपारी जे झोपून काढलं, त्याच्यावरच मी रोज झोपत होते, हे त्यांच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती.

सोमवारी रजा टाकली आणि त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. मनात वाटत होतं, सात-आठ महिने म्हणजे काही फार नाही, आता कसलीकसली ऑपरेशनं निघालीत. फोटो काढला. डॉक्टर तरुण होते, त्यांनी फोटो उजेडासमोर धरला आणि बराच वेळ पाहिला.

‘काका, पडल्यावर लगेच काही जड उचललं होतं का?’

‘नाई जी,’ बाबा म्हणाले.

‘नुसत्या पडण्यानं इथं भेग गेली असणार. तेव्हा हात गळ्यात बांधून ठेवला असता तर दोनेक महिन्यांत बरा झाला असता. पण हाड जागचं सरकलंय. वजन पेलल्याशिवाय ते असं सरकत नाही, म्हणून विचारतो.’

‘अन् आता?’ मी विचारलं.

‘आता ते तसंच जुळून बसलंय. या वयात मी चिरफाड करायला सांगणार नाही. व्यायामानं थोडा फरक पडेल. पण पहिल्यासारखं बळ येईल अशी खोटी आशा लावत नाही.’ मग पुन्हा बाबांकडे वळून म्हणाले, ‘नीट आठवून पाहा. काहीतरी उचललंच असेल.’

बाबांनी नकारार्थी मान हलवली. आई पायाच्या अंगठ्याकडे पाहत होती.

‘दोन बादल्या,’ मी म्हणाले. ‘भरलेल्या. पडल्यावर सात-आठ मिनिटांनी.’

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जी भीती आली ती हाताविषयी डॉक्टर बोलत होते तेव्हा नव्हती.

‘तू जागी होती?’ त्यांनी विचारलं.

मला कळायला एक क्षण लागला. त्यांना वाटलं, मी खाटेवर डोळे मिटून पडले होते, सगळं ऐकत होते, आणि उठले नव्हते.

‘नाई बाबा,’ मी म्हणाले. ‘झोपली होती मी. गाढ.’

त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग त्यांचे खांदे सैल पडले.

‘मंग ठीक हाये,’ ते म्हणाले, आणि डाव्या हातानं सदऱ्याची बटणं लावू लागले.