साल्मन म्हटलं म्हणून हसलेलं गिऱ्हाईक

मंडळी, मी वरळी कोळीवाड्यात मासळी विकते. आज सकाळी एक नवं गिऱ्हाईक आलं. त्याला म्हटलं, "साहेब, साल्मन घ्या, आपला रावस."

तो हसायलाच लागला. "मावशी, सॅमन! त्यातला एल बोलायचा नसतो."

"मग लिहितात कशाला?"

"ते तसंच असतं," म्हणाला आणि समोरचा सगळ्यात मोठा रावस उचलला. कल्ले उघडून बघितलेसुद्धा नाहीत!

मी तो त्याच्या हातातून काढून घेतला. "हा कालचा, बर्फातला. हा घ्या, कल्ले बघा कसे लालभडक."

हसले नाही हां मी. कुणी दाखवल्याशिवाय माणसाला कल्ले कसे कळणार?

मग आमचं इंग्रजी चुकलं की तुम्हाला एवढं हसू कसलं येतं?