खुंटीवरचा पाक

नळदुर्ग सोडलं तेव्हा माझ्या केसांत गूळ होता. गरम उडालेला आणि तिथंच थिजलेला. बाबूचाचाच्या बैलगाडीत शेंगांच्या टरफलांचा ढीग आणि त्या ढिगाखाली आम्ही तिघं. मधे अप्पा, एका अंगाला अव्वा, म्हणजे माझी आई, दुसऱ्या अंगाला मी. अप्पांचे दोन्ही हात कोपरापर्यंत तेलात भिजवलेल्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेले. ते कण्हायला लागले की अव्वा आपला पदर त्यांच्या तोंडात कोंबायची. भरदुपार होती, टरफलांची धूळ नाकातोंडात जाऊन जीव घुसमटत होता.

जकातीच्या नाक्यावर गाडी थांबली. बाबूचाचा वर बसून पानाची पिंक टाकत म्हणाला, "भट्टीका जलावन है साहब, और क्या." शिपायानं खात्री करायला ढिगात भाला खुपसला. पहिल्यांदा तो फळीत रुतला. दुसऱ्यांदा माझ्या मांडीत. मी ओरडले नाही. चौदा वर्षांची होते, पण तेवढं कळत होतं. भाल्याला लागलेलं रक्त बाहेर निघेस्तोवर टरफलांनीच पुसून घेतलं आणि गाडी पुढं गेली. तो वण अजून आहे, पावसाळ्यात खाजतो.

हे मी तिकडं राहिलेल्यांसाठी लिहितेय आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. आधीच सांगते, गोड बोलायला बसलेली नाही. जन्मभर गोड केलं, तेवढं पुरे झालं.

आमच्या घरात रेवड्या आणि गुडदाणी व्हायची. गुडदाणी सोपी, भाजलेले शेंगदाणे गुळाच्या पाकात घालायचे, थापायचे, कापायचे. रेवडीचं तसं नाही. गुळाचा पाक इतका कढवायचा की त्याचा थेंब गार पाण्यात टाकला आणि मग ताटात फेकला तर टण्ण वाजला पाहिजे. मग तो तेल लावलेल्या शहाबादी फरशीवर ओतायचा, गोळा करायचा आणि भिंतीतल्या लाकडी खुंटीला अडकवून ओढायचा. लांब ओढायचा, परत खुंटीवर टाकायचा, परत ओढायचा. काळपट पाक तांबूस होतो, मग सोनेरी, मग पांढरा. पांढरा होईस्तोवर थांबायचं नाही. थांबलं तर तो जागच्या जागी दगड होतो आणि अख्खा घाणा वाया.

ओढायचं काम दोघांचं, आळीपाळीनं. अप्पा आणि बाबूचाचा. बाबूचाचा शेजारचाच. अप्पांच्या आधी त्यानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, असं अव्वा सांगायची.

आणि घरात एक नेम होता. खुंटीवर पाक असला की ओढणाऱ्याला हाक मारायची नाही. कोण का मरेना. बारा वर्षांची असताना मी एकदा उगाच "अप्पाऽ" म्हणून ओरडले. ते वळले, पाक खुंटीवरनं सुटला आणि त्यांच्या मनगटाला वेढा घालून बसला. कातडीसकट निघाला. त्याच हातानं त्यांनी मला कानशिलात ठेवून दिली. "घर पेटलं तरी बोंबलायचं न्हाय, कळलं का?" मला कळलं. लई चांगलं कळलं.

निजामाच्या राज्याचे ते शेवटचे दिवस. गावागावांतनं टोळ्या फिरत होत्या, माणसं मारत होत्या, गंजी पेटवत होत्या. हद्दीपलीकडं पोरं जमून त्यांच्याशी लढत होती आणि त्या पोरांना अप्पा गुडदाणी धाडायचे. कुणीतरी चुगली केली. कुणी, ते मला ठाऊक आहे. तो मेला, म्हणून नाव घेत नाही.

पौषातली जत्रा जवळ आली होती. बाबूचाचा भट्टीच्या जळणाची टरफलं आणायला गाडी घेऊन गेला होता आणि अप्पा एकटेच खुंटीवर होते. मी माळवदावर तीळ वाळवत बसले होते. वेशीकडनं आठ-दहा जण येताना दिसले. काठ्या, तलवारी, एकाच्या खांद्याला बंदूक. आमच्याच बोळाकडं वळले.

मी जिना कसा उतरले ठाऊक नाही. भट्टीच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिले. अप्पा पाठमोरे. पाक सोनेरी झाला होता. चार ओढींत पांढरा होईल, हे मला दिसत होतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. देवाशपथ सांगते, मला वाटलं चार ओढी होऊ देत, मग सांगते. एक झाली. दोन झाल्या. तिसरीला दार तुटलं.

"किसके वास्ते बनाता रे?" त्यातल्या एकानं विचारलं. अप्पा म्हणाले, "जत्रंसाठी." तो हसला. दोघांनी अप्पांना मानगुटीला धरून चुलीपाशी नेलं. चुलीवर दुसरा घाणा कढत होता. त्यांनी अप्पांचे दोन्ही हात त्यात बुडवले आणि धरून ठेवले. अप्पांच्या तोंडातनं जे निघालं ती माणसाची ओरड नव्हती. मी भिंतीला चिकटून उभी होते आणि तेव्हाही माझ्या तोंडातनं शब्द फुटला नाही.

मागच्या दारानं अव्वा आली. तिनं पदर दोन्ही हातांना गुंडाळला आणि अख्खी कढई त्या टोळीवाल्यांच्या अंगावर लोटली. गुळाचा पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटतो आणि आत आत भाजत राहतो. एकाचा डोळा गेला असणार. दुसरा तोंडावरचा पाक उपटायला गेला तर गालच हातात आला. ते बोंबलत पळाले आणि जाताना म्हणाले, परत येतो, घरासकट जाळतो. तेवढ्यात बाबूचाचाची गाडी दारात लागली.

हद्दीपलीकडं आम्हाला उतरवल्यावर अव्वानं त्याचा हात धरला. "भाईजी, तुमीबी ऱ्हावा हितंच." तो म्हणाला, "अपनाच गाँव है भाभी. मेरेको कौन क्या करता?" आणि बैल वळवले.

सोलापुरात अप्पांची बोटं एकमेकांना चिकटून बरी झाली. बरी कसली, दोन पळ्या झाल्या. अव्वा गिरणीच्या दाराशी गुडदाणी विकायची आणि दोन्ही वेळा अप्पांना भरवायची. मी मात्र त्यांच्या हातांकडं बघायची नाही.

फौज आली, निजामी संपली, तशी अप्पांनी एकच धोशा लावला, बाबूला आणायचं. आम्ही गेलो. बाबूचाचाच्या घराच्या जागी काळ्या भिंती उभ्या होत्या. त्याला भरदिवसा बाहेर ओढून कुऱ्हाडीनं तोडलं होतं. टोळीवाल्यांनी नाही. आपल्या लोकांनी. फौज आल्यावर आपल्यालाही चेव आला होता ना! ज्यानं आम्हाला टरफलांखाली लपवून नेलं त्याचे तुकडे त्याच गाडीच्या चाकाशी पडले होते म्हणे. शेजारचे सांगत होते, "आमी माळवदावरनं बघितलं. दोघं-तिघं वेशीकडनं येताना दिसले व्हते. पर काय बोलणार?"

अव्वा थुंकली. "तोंड न्हवतं का तुमाला? येक हाक मारायची हुती! पळाला असता की त्यो!"

तिचं बोलणं त्यांना होतं. लागलं मला. पण तिकडं राहिलेल्यांनो, मीही आज तेच विचारते. माझ्यापुढं निदान खुंटीवर पाक होता. तुमच्यापुढं काय होतं?

पुढं माझं लग्न झालं, लेकरं झाली. अव्वा गेल्यावर अप्पांना मी भरवू लागले. एकदा भाकरी कुस्करून घास पुढं केला तर ते खाईनात.

"नीले, त्या दिशी तू दारात हुतीस."

माझा हात तसाच राहिला.

"फरशीवर तुझी सावली पडली हुती. तू अशी धावत येत न्हाईस कधी. काय तरी इपरीत झालंय, कळलं हुतं मला."

"मग वळला का न्हाय तुम्ही, अप्पा?"

"चारच वढी ऱ्हायल्या हुत्या गं."

मला असा संताप आला की घास ताटात आपटला. वीस वर्षं मी आतल्या आत जळत होते, आणि या माणसाला ठाऊक होतं! मी ओरडले, रडले, काय वाट्टेल ते बोलले. ते नुसते त्या दोन पळ्या पुढं करून बसले होते. मग मी घास परत उचलला आणि भरवला. उपाशी होता माणूस.

आता मी पुण्यात, नातीकडं. गौरी घरी चॉकलेटं करते. अक्रोडाची, काजूची, मार्शमॅलो घातलेली. मार्शमॅलोही घरीच. जिलेटिन आपल्याला चालत नाही म्हणून चायना ग्रास घालते. पाक झाला का ते बघायला तिच्याकडं थर्मामीटर आहे. पाण्यातल्या थेंबाचं तिला हसू येतं.

नळदुर्गचं घर कुणाकडं आहे मला माहीत नाही आणि विचारायचंही नाही. माझं घर म्हणजे हे सातव्या मजल्यावरचं स्वयंपाकघर. इथंही एक नेम आहे, माझा. गौरीचा पाक अगदी येऊ घातला की मी बाहेरनं जोरात हाक मारते.

"गौरेऽ!"

ती हातातलं टाकून धावत येते. "काय झालं आजी? पडलीस का?"

"काय न्हाय. येतीस का बघितलं."

"अगं आजी, जळला ना सगळा पाक!"

"जळू दे," मी म्हणते. "दुसरा कर."