दोन कुलपांचं दार

पाटाच्या लोखंडी दाराला दोन कुलपं होती, एक वरच्या गावाचं आणि एक खालच्या गावाचं. दोन्ही किल्ल्या जमल्याशिवाय दार उघडायचं नाही, असा ठराव. शिवाय बाभळीखाली दोन राखणदार, प्रत्येक गावाचा एक.

पाट ठणठणीत कोरडा. वाटेत टेकलो होतो, म्हणून विचारलं, "पाणीच नाही, तर राखण कसली?"

"पाणी आल्यावर कोण कुणाचं ऐकतंय?" खालच्या गावचा म्हणाला. वरच्यानेही मान डोलावली. एवढ्यापुरतं त्यांचं एकमत होतं.

दोघं एकाच फडक्यातली भाकरी खात होते. तरी एक जण आडोशाला निघाला तेव्हा आपलं कुलूप ओढून बघून गेला, आणि परतल्यावर पुन्हा ओढून पाहिलं. तहान आधी घशाला लागते असं मी समजत होतो. इथे ती नजरेला लागली होती.

वरच्या गावच्याने आपल्या मडक्यातलं पाणी मला तांब्या भरून दिलं. पहिला घोट घेतला तोच त्याने विचारलं, "गाव कोणतं तुमचं?"

खालच्या गावात माझं आजोळ. तिकडेच निघालो होतो.

मी शहराचं नाव सांगितलं आणि उरलेलं पाणी घाईघाईने पिऊन टाकलं.